दुसरी हाक

भात वाफाळत होता तेव्हाच फुसाएनं त्याचे गोळे वळले. प्रत्येकात खारवलेल्या उमेचं एकेक फळ दडवलं, वर समुद्री शेवाळाची काळी पट्टी गुंडाळली आणि दोन पुरचुंड्या केल्या. एक नवऱ्याची, एक भावाची. दोघं डोंगरावर अळंबी आणायला निघाले होते. सप्टेंबर सरता सरता दर वर्षी निघायचे, तसेच.

"फोन घेतलात?" तिनं विचारलं.

"घेतला," सोइची बुटाची नाडी आवळत म्हणाला.

"भरलाय?"

"भरलाय गं."

"आणि त्यातलं ते ठिकाण कळायचं असतं, ते चालू ठेवा. नुसता मिरवायला नेऊ नका."

सोइचीनं नाडीला आणखी एक गाठ मारली आणि उत्तर टाळलं. लाकूड चिरायच्या गिरणीत आयुष्य काढलेला माणूस एकतर ओरडून बोलायला शिकतो नाहीतर गप्प राहायला. तो गप्प राहायला शिकला होता.

दारात छोट्या पांढऱ्या ट्रकचा भोंगा वाजला.

"जावईबापू! बायकोचा निरोप घेऊन झाला असेल तर निघू या का? अस्वलं कंटाळून झोपायला जातील!"

"दादा, हळू! शेजारी झोपलेत," फुसाए म्हणाली.

"मग त्यांनाही उठव. म्हातारपणी झोप कमीच बरी."

रिन्पेइ हा फुसाएचा थोरला भाऊ. दणकट, डावखुरा, हसला की गल्लीच्या टोकाला ऐकू जाईल असा. सोइची लहानपणापासून त्याच्या मागे मागे डोंगर चढलेला. लग्नाच्या आधीही तो त्याला दादाच म्हणायचा. रिन्पेइच्या कमरेला अस्वलांना चाहूल देणारी पितळी घंटा असायची. ती कधीतरी दगडावर आपटून चिरकली होती. फुटक्या भांड्यावर पळी मारावी तशी वाजायची. गावात म्हणत, हिला ऐकून अस्वल पळतं ते भीतीनं नाही, वैतागानं.

डोंगरावर फोनचा मनोरा नाही. गाव संपलं, शेवटची भातखाचरं मागे पडली की फोनवरच्या रेघा एकेक करून विझतात. मागं एका शरदात खालच्या वाडीतला एक जण अळंबीला गेला तो परतलाच नाही. त्याची टोपली तेवढी सापडली. तेव्हा फुसाएनं हट्टानं हे नव्या तऱ्हेचे फोन आणवले, एक नवऱ्याला, एक भावाला. मनोरा नसेल तिथं ते थेट उपग्रहाशी बोलतात. आवाज जात नाही, पण लिहिलेलं जातं. अट एकच. डोक्यावर उघडं आभाळ हवं. दाट झाडीखाली उभे राहिलात तर फोन मुका.

फोन घरात आले त्या दिवशी रिन्पेइची म्हातारी आई तोमे शेगडीजवळ बसून सगळं ऐकत होती.

"म्हणजे आभाळातून हाक मारायची?" तिनं विचारलं.

"तसंच म्हण, आई."

"मग दोनदा मारा."

सगळे हसले. पण म्हातारी हसली नाही. "दात काय काढता? यंत्रातून गेली म्हणून हाक ही हाक राहात नाही का?"

त्या मुलखात डोंगरावर कुणी कुणाला एकदाच हाक मारत नाही. डोंगरात जे आहे, त्याच्यापाशी एकाच हाकेपुरता दम असतो, असं जुनी माणसं सांगत. ते ओळखीच्या आवाजात बोलावतं, पण एकदाच. माणूस असेल तर तो पुन्हा हाक मारील. म्हणून हाक दोनदा मारायची, आणि एका हाकेला ओ द्यायची नाही. मग ती बापाच्या आवाजात येवो, की पोटच्या पोराच्या. ओ दिली की गेलात.

म्हातारीचा मान ठेवायचा म्हणून दोघांनी फोनवरही तोच नियम पाळला. 'निघालो. निघालो.' 'पाऊस आहे. पाऊस आहे.' वर्षभर ते दोघं रिकाम्या आभाळात एकेक गोष्ट दोन दोनदा सांगत राहिले. पुढे पुढे त्याचं हसूही येईनासं झालं.

डोंगराचा दुसरा नियम जागेचा. माइताके नावाची अळंबी जुन्या मिझुनारा ओकच्या बुंध्याशी येते. एकेक गड्डा कोंबडीच्या खुराड्याएवढा, करड्या पिसांच्या ढिगासारखा. असं झाड ज्याला ठाऊक, तो ते कुणालाच सांगत नाही. बाप मुलाला सांगतो तेही मरतेवेळी, तोंडाला कान लावून. सोइचीच्या बापानं असंच सांगितलं होतं. तोंडाला औषधांचा वास येत होता. "मोठ्या ओढ्याच्या वर... दुभंगलेला कडा... त्याच्या पाठीशी," एवढं बोलून तो बराच वेळ नुसता श्वास घेत राहिला होता. सोइचीला बापाकडून दुसरं काही मिळालं नाही. घर त्याच्या सख्ख्या थोरल्या भावाला गेलं, त्याला ते झाड.

आणि गेल्या शरदात एक घोटाळा झाला. झाडापाशी उशीर झाला म्हणून त्यानं रिन्पेइला 'उशीर होतोय. उशीर होतोय' असं कळवलं, आणि त्या शब्दांसोबत फोननं आपणहून एक चिमुकला नकाशा पाठवून दिला. त्यावर लाल ठिपका. ठिपका म्हणजे सोइची. म्हणजेच झाड.

संध्याकाळी तो रिन्पेइच्या दारात उभा राहिला.

"अरे, तोंड का असं वाळलेल्या मुळ्यासारखं केलंयस?" रिन्पेइ म्हणाला. "ठिपका ना? दिसला तसा पुसून टाकला." मग सोइचीच्या घरी येऊन त्याच्या मेलेल्या बापासाठी मांडलेल्या देव्हाऱ्यासमोर बसला, लहानशी घंटा वाजवली, हात जोडले. "काका, मी काही पाहिलं नाही. पाहिलं असेल तर माझी हाडं डोंगरात पडोत." उठताना सोइचीच्या पाठीवर थाप मारली. "झालं समाधान? आता दारू ओत."

सोइचीचं समाधान झालं. पण तेव्हापासून ठिकाण कळवायचं ते त्यानं कायमचं बंद करून टाकलं.

रस्ता संपतो तिथं ट्रक लावून दोघं चालत निघाले. ओढा दोन फाट्यांत फुटतो तिथं थांबले. इथून ज्याची त्याची वाट. रीत अशी की दोघांनी एकमेकांकडे पाठ करायची आणि समोरच्याची घंटा ऐकू येईनाशी होईपर्यंत वळायचं नाही.

"तिसऱ्या प्रहरी ट्रकपाशी," रिन्पेइ म्हणाला.

"हो दादा."

"आणि घसरू नकोस. तुला खांद्यावर घेऊन उतरायचं वय राहिलं नाही माझं."

सोइचीनं पाठ फिरवली. चिरकी घंटा डाव्या फाट्यानं खाली खाली जात राहिली, मग पाण्याच्या आवाजात विरघळली. तो निघाला.

सरळ वाटेनं आपल्या झाडाकडे कुणीच जात नाही. माग लागू नये म्हणून वळसे घ्यायचे असतात. सोइचीनं घेतले. ओढा ओलांडला, पुन्हा अलीकडे आला, एका ओंडक्यावर बसून भाताचा गोळा खाल्ला आणि मगच कड्याच्या मागच्या बाजूनं चढला. वर जाता जाता धुकं उतरलं. पाऊस नव्हता, तरी प्रत्येक पानाच्या टोकाला एक थेंब लोंबत होता.

कड्याच्या पाठीशी तो ओक उभा होता. आधी त्याला वास आला. माइताकेचा वास एकदा नाकात बसला की सुटत नाही. ओली माती, भाजलेलं धान्य आणि खोल तळघर यांचा मिळून एक वास. तो जवळजवळ धावतच बुंध्यापाशी गेला.

अळंबी नव्हती.

होती ती जागा पांढरीफटक पडली होती. विळ्याचा काप अजून ओला होता, त्यातून पाणी पाझरत होतं. काप डावीकडून उजवीकडे उतरला होता. डावखुऱ्या माणसाच्या हाताचा. आणि एवढ्यावर भागलं नव्हतं. पुढच्या वर्षीसाठी तळाचा तुकडा सोडायचा असतो, चोरही सोडतो. इथं मूळसुद्धा खरवडून नेलं होतं.

सोइची खाली बसला. तो चिडला नाही, निदान लगेच नाही. त्याला रिन्पेइचे जोडलेले हात आठवले. पाठीवरची थाप आठवली. आपण वळसे घेत बसलो, गोळा खात बसलो, तेवढ्या वेळात हा नकाशावरच्या ठिपक्याकडे सरळ चढून आला. घंटा खाली जाताना ऐकली ती? ती आपल्याला ऐकवण्यासाठी. पुढे गेल्यावर तिच्या पोटात काहीतरी कोंबलं असेल. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच, आणि कापणारा तो, ज्याच्या मागे चालत आपण चालायला शिकलो.

तो उठला तेव्हा मात्र त्याच्या कानशिलांत ठोके पडत होते. ट्रकपाशी त्याच्या आधी पोचायचं. तोंडासमोर उभं राहायचं. तो नेहमीची वाट सोडून सरळ उतारावरून निघाला. धुक्यात दहा पावलांवरचं झाड दिसत नव्हतं. ओल्या पानांचा थर वरून घट्ट वाटत होता. त्याखाली काही नव्हतं.

पाय आत गेला, मग कंबर, मग सगळा सोइची. तो घळीच्या तळाशी येऊन थांबला तेव्हा त्याचं डावं पाऊल भलत्याच दिशेला बघत होतं.

किती वेळ गेला कोण जाणे. हाक मारून उपयोग नव्हता. गाव डोंगराच्या पलीकडे, आणि ज्याला हाक मारायची तो चोर. पण अंगाला थंडी भिनायला लागली, आणि दुपारचा उजेड धुक्यात पिवळट झाला, तेव्हा त्यानं फोन काढला. घळीवर दोन झाडांमधून आभाळाचा एक राखाडी तुकडा दिसत होता. त्याखाली फोन धरून तो पडून राहिला. 'उपग्रह शोधत आहे,' असं पडद्यावर बराच वेळ फिरत राहिलं. मग जोडला गेला.

मदत मागायची, तर त्यानं आधी दुसरंच लिहिलं.

'माझं झाड कापलंय. तू होतास? माझं झाड कापलंय. तू होतास?'

उत्तर यायला वेळ लागला. उपग्रहातून लागतोच.

'मी नाही. मी नाही.'

सोइचीनं ते वाचलं आणि त्याचे डोळे भरून आले. इतका वेळ हाडाचं दुखणं सोसलं, पण हे सोसवेना. डावखुरे काय दुसरे नसतात? वरच्या गावातला कुणी असेल. कुणीही असेल.

'पडलोय. पाय मोडलाय. पडलोय. पाय मोडलाय.'

'कुठे. कुठे.'

बोट थांबलं. ठिकाण पाठवायचं म्हणजे झाड देऊन टाकायचं. बापाचा तो श्वास त्याला कानापाशी ऐकू आल्यासारखा झाला. मग त्यानं ते बंद केलेलं चालू केलं. लाल ठिपका गेला.

'येतोय. येतोय.'

तो मागे रेलला. आता नुसती वाट बघायची. थेंब पडत होते. दूर कुठंतरी पाणी होतं. मधेच एखादं पान सुटायचं आणि इतक्या शांततेत तेही खाली पडल्याचं ऐकू यायचं.

आणि मग वरून, धुक्यातून...

"सोइची!"

रिन्पेइचा आवाज. त्याचं तोंड उघडलं, ओ ओठांपर्यंत आली. पण तो थबकला. त्यानं वाट पाहिली. दुसरी हाक यायला हवी.

आली नाही.

घंटाही नव्हती. रिन्पेइ चालला की ती चिरकी घंटा चालतेच. मघाचा विचार, घंटेच्या पोटात काही कोंबल्याचा, एक क्षण त्याच्या मनात आला. पण त्यानं तो झटकला. दादानं 'मी नाही' म्हटलंय. मग घंटेशिवाय, एकच हाक मारत धुक्यातून येतंय ते दुसरंच काहीतरी. त्यानं गळ्यातला टॉवेल तोंडात कोंबला आणि फोन आभाळाकडे धरला.

'तू हाक मारलीस का? तू हाक मारलीस का?'

'नाही. नाही.'

आणि लगेच, त्यानं काही विचारायच्या आत,

'ओ देऊ नकोस. ओ देऊ नकोस.'

"सोइची..."

आता आवाज जवळ होता. दम लागलेला, मधेच तुटणारा. दुसरी हाक मारायला छातीत वाराच उरला नसावा तसा. आणि आवाजासोबत उतारावरून वास आला. ओली माती, भाजलेलं धान्य, तळघर. त्याच्या झाडाचा वास. तो वास सरकत सरकत जवळ येत होता. सोइचीनं डोळे गच्च मिटले. दातांखाली टॉवेल करकरला.

"ओ दे रे... ऐकतोयस का? कापलं ते... मीच रे. उतरलो होतो, पण पाय पुढे उचलेना... परत चढलो... तुला तोंड कसं..."

धाप. बराच वेळ नुसती धाप.

"ओ तरी दे..."

सोइची हलला नाही. फोन त्याच्या मुठीत थरथरला. 'ओ देऊ नकोस. ओ देऊ नकोस.'

मग वरच्या आवाजाचा सूर बदलला. कुणीतरी मागून बोलावल्यावर माणूस वळतो तसा तो दुसरीकडे वळला. त्यात सुटकेचा आनंद होता.

"तिकडे आहेस होय? ...आलो. थांब, आलो!"

सोइचीनं हाक मारलेली नव्हती. त्याच्या तोंडात टॉवेल होता.

वर दगड सुटले. आधी एक, मग पुष्कळ. त्यांच्यामधून काहीतरी जड, मऊ आपटत गेलं. मग पुन्हा थेंबांचा आवाज.

'गेलं ते,' फोनवर आलं. 'गेलं ते.' आणि मग, 'खाली सरक. ओढ्याकडे. खाली सरक. ओढ्याकडे.'

तो सरकला. बसल्या बसल्या, मोडका पाय ओढत, कोपरांवर. शब्द यायचे तसा जायचा. 'डावीकडे. डावीकडे.' 'आणखी खाली. आणखी खाली.' घळ अरुंद होत गेली, झाडं एकमेकांत मिसळली. अंधारून आलं होतं की झाडीनं दाटलं होतं, कळेना. दादा खाली ओढ्यापाशी उभा असेल. शिव्या घालील, खांद्यावर घेईल. 'थोडंच राहिलं. थोडंच राहिलं.'

कशामुळे थांबला, त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. दम घ्यायला त्यानं मान वर केली, एवढंच. वर आभाळ नव्हतं. एक तुकडासुद्धा नव्हता. फांद्यांवर फांद्या, त्यावर पानं, गच्च काळं छत. कितीतरी वेळ तो तशाच छताखालून सरकत आला होता. इथं फोन मुका असायला हवा होता.

फोन थरथरला.

'आणखी खाली. आणखी खाली.'

त्यानं हात पुढे केला. पानं होती. पानांच्या पुढे काही नव्हतं. हाताखालचा एक खडा सुटला आणि सोइचीनं कान दिला. खडा पडल्याचा आवाज यायला फार, फार वेळ लागला.

त्यानं एका मुळाला मिठी मारली आणि ती रात्रभर सोडली नाही. फोन पानांत उपडा पडला होता. त्याच्या कडेनं दोन दोनदा उजेड फुटायचा आणि विझायचा.

सकाळी गावची माणसं आली. "सोइचीऽ! सोइचीऽ!" अशा दोन दोन हाका मारत आली. सोइचीनं त्यांनाही ओ दिली नाही. त्याचा पिवळा टॉवेल दिसला म्हणून सापडला.

रिन्पेइ त्याच्या आधी सापडला होता. घळीच्या वरच्या उतारावर, सुटलेल्या दगडांत, सोइची पडला होता तिथून हाकेच्या अंतरावर. मान मोडलेली. पाठीवरच्या टोपलीत माइताकेचा अख्खा गड्डा, मुळासकट, एकही पीस न मोडलेला. कमरेला घंटा होती. तिच्या पोटात शेवाळ गच्च भरलं होतं.

त्याचा फोन ट्रकमध्ये बैठकीखाली निघाला. बंद. चोरीला निघालेला माणूस आपला ठिपका कशाला सोबत नेईल? सकाळी डोंगराशी पोचल्या पोचल्याच बंद केला असावा, कारण फुसाएनं पाठवलेला 'गोळे खाल्ले का' हा संदेशही त्यावर पोचला नव्हता.

त्याच दिवशी संध्याकाळी रिन्पेइ स्वतःच्या घरात उत्तरेकडे डोकं करून निजला होता. तोंडावर पांढरं फडकं. उशाशी भाताचा वाडगा, त्यात उभ्या रोवलेल्या जेवायच्या काड्या. उदबत्ती विझू द्यायची नसते, म्हणून तोमे तिच्याकडे डोळे लावून बसली होती. शेजारची माणसं नुकतीच उठून गेली होती. खिडकीतून डोंगराची कड काळी पडत चाललेली दिसत होती.

सोइची प्लास्टर घातलेला पाय पसरून भिंतीला टेकला होता. फुसाए त्याच्या समोर येऊन बसली.

"मला खरं सांगा. दादा तुमच्या इतक्या जवळ होता. त्यानं हाक मारली नाही?"

"मारली."

"मग?"

"एकदाच मारली." त्याला आपलाच आवाज परका वाटला. "मी पुढचीची वाट पाहिली... तो धापा टाकत होता. कापलं ते मीच, म्हणाला. ओ तरी दे, म्हणाला."

फुसाए त्याच्याकडे बघत राहिली. इतक्या वर्षांत तिनं त्याच्याकडे कधी अशा नजरेनं पाहिलं नव्हतं.

"आणि तू ओ दिली नाहीस?"

सोइचीनं खिशातून फोन काढला. तो तिच्या हातात दिला. फुसाएनं वाचलं. मग आईसाठी मोठ्यानं वाचलं. मी नाही, मी नाही. येतोय, येतोय. ओ देऊ नकोस, ओ देऊ नकोस. तोमेनं उदबत्तीवरची नजर प्रथमच काढली.

"फोन तर त्याचा ट्रकात होता," ती म्हणाली.

"हो."

"मग डोंगरातल्या त्याला दोनदा बोलायला शिकवलं कुणी?"

उदबत्तीची राख वाकून पडली.

"शेवटी तो 'आलो, थांब' म्हणाला," सोइची पुटपुटला. "कुणीतरी बोलावल्यासारखा. पण आई, मी हाक मारली नव्हती. शपथेवर सांगतो, मी तोंडसुद्धा उघडलं नव्हतं."

"तोंड नसशील उघडलं," म्हातारी हळूच म्हणाली. "पण फोनवर त्याला उत्तरं तर देत होतास ना? ओ देणाऱ्याचा आवाज त्याचा होतो."

फुसाए उठली. फोन तिनं त्याच्या मांडीवर टाकला, त्याच्याकडे न बघता स्वयंपाकघरात गेली आणि उगाच भांडी विसळायला लागली. पाण्याचा आवाज येत राहिला. सोइचीला त्या पाठीकडे बघवेना. त्याला वाटलं, आता ती वळेल. वळून एक शिवी तरी घालील.

तेवढ्यात परसातून, भोंगा वाजवल्यानंतर रिन्पेइ मारायचा तशा खणखणीत आवाजात कुणीतरी हाक मारली,

"फुसाए! ...फुसाए!"

दोनदा.

आणि जन्मभराच्या सवयीनं, हातातलं भांडं खाली ठेवता ठेवता, फुसाए म्हणाली,

"ओ, दादा."

भांडं खाली पडून घरंगळलं. तोमे उठायला गेली ती अर्ध्यावरच राहिली. फुसाए दारात आली. तिनं दोन्ही हात तोंडावर गच्च दाबले होते, डोळे सोइचीवर होते. बाहेर काहीच नव्हतं. नळाचं पाणी चालू होतं. कुणाला ते बंद करायचंही सुचलं नाही.

मग परसातून पुन्हा हाक आली. या वेळी बाईचा आवाज होता. हळू, मायेचा, काल सकाळपर्यंत होता तसा.

"अहो... अहो..."

फुसाए त्याच्या समोरच उभी होती. तिनं तोंडावरचे हात काढले नव्हते.